धुळीचा डीपोल दर उन्हाळ्यात का सरकतो: गोव्याच्या किनाऱ्यावरच्या लायडारसाठी समस्या निवारण

लक्षण दरवर्षी एकच असतं. फेब्रुवारी सरता सरता ओमानच्या, मकरान किनाऱ्याच्या किंवा सिंध-थरच्या बाजूने उडालेली धूळ अरबी समुद्र ओलांडून गोव्याच्या आकाशात येते. दोन-तीन किलोमीटर उंचीवर तिचा थर लायडारच्या, म्हणजे आकाशात लेझर सोडून परतणारा प्रकाश मोजणाऱ्या यंत्राच्या, आलेखात ठळक उमटतो, पण त्याचं डिपोलरायझेशन गुणोत्तर, म्हणजेच डीपोल, भलतंच निघतं. एका रात्री ०.२२, पुढच्या आठवड्यात ०.३८. यंत्र तेच, प्रोग्रॅम तोच, आणि जानेवारीत हेच यंत्र व्यवस्थित चालत होतं. मग कुणीतरी कॅलिब्रेशनचा आकडा असा फिरवतं की धूळ ०.३१ वर येऊन बसते. काम भागतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच तक्रार पुन्हा उभी राहते.

तो आकडा कृपा करून असा फिरवू नका. ०.३१ हे शुद्ध सहारी धुळीचं, ५३२ नॅनोमीटरवरचं मूल्य आहे, आणि ते २००६ साली मोरोक्कोत उगमाजवळ मोजलेलं आहे. आपल्याकडे येणारी धूळ वाटेत समुद्राची खारी हवा आणि जमिनीवरचा धूर घेऊन येते. उत्तर आधीच ठरवून यंत्र त्याला जुळवलं, तर त्या रात्री आकाशात खरं काय होतं हे कळण्याची वाटच बंद होते.

ज्यांच्याकडे ५३२ नॅनोमीटरचा, पॅरलल आणि क्रॉस अशा दोन चॅनलांचा लायडार आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. लेझरचा प्रकाश एका प्रतलात ध्रुवित असतो. गोल थेंबावरून तो बहुतांशी त्याच प्रतलात (पॅरलल) परततो. वाळवंटी धुळीचा कण ओबडधोबड असल्यामुळे परतणाऱ्या प्रकाशाचा बराच भाग आडव्या प्रतलात (क्रॉस) जातो. क्रॉस भागिले पॅरलल, एवढंच ते गुणोत्तर. रोजच्या बोलण्यातला डीपोल. ओल्या सागरी मिठाचा डीपोल ०.०२-०.०३, ताज्या धुराचा साधारण ०.०५ च्या आत, धुळीचा ०.३ च्या आसपास. फरक एवढा मोठा आहे की धूळ ओळखायला याहून चांगली खूण नाही.

आधी दोष कोणत्या जातीचा ते ठरवा

डीपोल बिघडवणारे दोष दोन जातींचे असतात आणि ते दोन वेगळ्या ठिकाणी दिसतात. माझ्या मते सगळा गोंधळ ही वाटणी न केल्यामुळे होतो.

पहिली जात गळतीची. पॅरलल प्रकाशाचा थोडा भाग क्रॉस चॅनलमध्ये झिरपतो. समजा लेझरचं प्रतल आणि रिसीव्हरचा अक्ष यांत ५ अंशांचा फरक पडला. स्वच्छ हवेच्या रेणूंचा डीपोल अरुंद फिल्टरमधून ०.००३६ दिसायला हवा, तो ०.०११ दिसेल, म्हणजे तिपटीने जास्त. त्याच रात्री ०.३१ ची धूळ मात्र ०.३१७ दिसेल, आणि एवढा फरक कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. १० अंश फरक असेल तर स्वच्छ हवा ०.०३५ वर जाते, धूळ ०.३४ वर.

दुसरी जात गुणकाची. दोन चॅनलांच्या संवेदनशीलतेचं प्रमाण बदललं की सगळं त्याच पटीत बदलतं. प्रमाण २० टक्क्यांनी चुकलं तर धूळ ०.३७ वर जाते, पण स्वच्छ हवा ०.००३६ वरून ०.००४३ च्या आसपास. रात्रीच्या गोंगाटात एवढा फरक सापडणार नाही.

म्हणजे गळती धुळीत लपते आणि स्वच्छ हवेत उघडी पडते. गुणक स्वच्छ हवेत लपतो आणि धुळीत उघडा पडतो. नुसती धूळ पाहून यंत्र दुरुस्त करायला बसणारा माणूस गळती कधीच पकडू शकत नाही, म्हणून तपासणीची सुरुवात धुळीच्या थरापासून करायची नाही.

स्वच्छ हवा बघा

निरभ्र रात्र घ्या, किमान तासाभराची सरासरी काढा आणि ७ ते ९ किलोमीटरच्या पट्ट्यात डीपोल किती येतो ते पाहा. वर विरळ सिरस, म्हणजे बर्फाच्या स्फटिकांचा उंच ढग, नाही याची खात्री करा. आपल्या अक्षांशावर तो १२ ते १६ किलोमीटरवर सहज असतो आणि डोळ्यांना दिसतही नाही. कधी तो खालीही उतरतो. बर्फाच्या स्फटिकांचा डीपोल धुळीइतका किंवा त्याहून जास्त असतो.

अपेक्षित आकडा तुमच्या इंटरफेरन्स फिल्टरवर, म्हणजे ठरावीक तरंगलांब्याच आत सोडणाऱ्या फिल्टरवर, अवलंबून आहे. फिल्टर ०.३ नॅनोमीटरसारखा अरुंद असेल तर साधारण ०.००४. रोटेशनल रामनच्या (हवेच्या रेणूंवरून किंचित बदललेल्या तरंगलांबीने परतणाऱ्या प्रकाशाच्या) सगळ्या रेषा आत घेणारा रुंद फिल्टर असेल तर ०.०१४. फिल्टर बदलल्याची नोंद वहीत नसते, प्रोग्रॅममध्ये जुना आकडा राहतो, आणि पुढे दहा जण गळती शोधत बसतात. आधी फिल्टरच्या कडेवर छापलेला आकडा वाचा.

चांदण्या रात्री आणखी एक काळजी घ्यावी लागते. विखुरलेला चंद्रप्रकाश स्वतःच ध्रुवित असतो, त्यामुळे दोन्ही चॅनलांची पार्श्वभूमी वेगवेगळी येते. ती प्रत्येक चॅनलमधून स्वतंत्रपणे वजा करा. क्रॉस चॅनलचा संकेत त्या उंचीवर इतका क्षीण असतो की वजाबाकीतली छोटी चूकही गळतीसारखी दिसते.

वरून खात्री पटत नसेल तर खालच्या ढगाचा तळ वापरा. पाण्याचे थेंब गोल असल्यामुळे तळाशी डीपोल जवळजवळ शून्य असायला हवा. वर चढताना तो बहुविध विकिरणामुळे, म्हणजे प्रकाश थेंबाथेंबांवरून अनेकदा विखुरल्यामुळे, वाढतो, ते नैसर्गिक आहे. तळालाच ०.०३ दिसला तर गळती आहे, यात शंका नको.

स्वच्छ हवा जास्त दाखवत असेल तर

गोव्यात माझा पहिला संशय खिडकीवर, म्हणजे लेझर जिच्यातून वर जातो त्या छपरातल्या काचेवर असतो, आणि तक्रार नेमकी उन्हाळ्यातच का येते याचं उत्तरही बरंचसं तिथेच आहे.

जानेवारीत रात्रीची हवा तुलनेने कोरडी असते. एप्रिल-मेमध्ये किनाऱ्यावर दवबिंदू २४-२५ अंशांपर्यंत चढतो. त्याच दिवसांत लेझर तापतो म्हणून खोलीचा एसी २० किंवा २२ वर ठेवला जातो. छपरातल्या काचेची आतली बाजू गार, बाहेरची बाजू दमट हवेत. साहजिकच बाहेरून काचेला बाष्प धरतं. त्यावर खाऱ्या वाऱ्याने आणलेलं मीठ आधीच बसलेलं असतं. मीठ पाणी धरून ठेवतं, त्यामुळे काच लवकर ओली होते आणि उशिरा सुकते. सकाळी कुणी बघायला जाईपर्यंत उन्हाने काच कोरडी झालेली असते, म्हणून दोष सापडत नाही.

ओल्या काचेने किरण पसरतो आणि दोन्ही संकेत घटतात; क्षीण क्रॉस चॅनल गोंगाटात बुडतो. काचेतला ताण ही वेगळी बाब आहे. अॅल्युमिनियम तापमानागणिक क्वार्ट्झ काचेच्या चाळीसेकपट जास्त प्रसरण पावतं. दुपारचं ऊन आणि रात्रीचा एसी यांच्यात घट्ट आवळलेली अॅल्युमिनियमची चौकट काचेला कधी सोडते, कधी दाबते. दाबलेली काच द्विअपवर्तनी होते आणि तिच्यातून जाताना प्रकाशाचं ध्रुवीकरण बिघडतं. दोन्ही ओळखायची खूण सोपी आहे. पॅरलल चॅनलचा ५-६ किलोमीटरवरचा संकेत आदल्या कोरड्या रात्रीपेक्षा स्पष्ट घटला असेल तर ओल. संकेत तसाच, पण स्वच्छ हवेचा डीपोल वाढलेला असेल तर ताण.

ताण डोळ्यांनी पाहता येतो. लॅपटॉपचा एलसीडी पडदा पूर्ण पांढरा करा. त्यातून निघणारा प्रकाश मुळातच ध्रुवित असतो. समोर पोलरायझर शीट धरून काळोख होईपर्यंत फिरवा. मग पडदा आणि शीट यांच्यामध्ये खिडकी चौकटीसकट धरा आणि सावकाश फिरवत न्या. ताण असेल तर स्क्रूंच्या शेजारी उजळ डाग उठतात, काही कोनांत दिसतात, काहींत विझतात. ही चाचणी करण्यासाठी खिडकी उतरवाल तेव्हा लेझर बंद असू द्या आणि किल्ली काढून खिशात ठेवा. वर दाबोळीला ये-जा करणारी विमानं आहेत, खाली आपले डोळे आहेत.

उपाय: चौकट आणि काच यांच्यात मऊ सिलिकॉनची रिंग बसवा आणि स्क्रू समोरासमोरच्या जोड्यांनी, बोटाच्या जोराएवढेच आवळा. खोली २६-२७ अंशांवर ठेवा आणि लेझरचं डोकं त्याच्या स्वतःच्या चिलरने गार करा. काचेवर बाहेरून कोमट हवेचा हलका झोत सोडला तर बाष्प धरतच नाही. साधा पंखा आणि छोटा हीटर पुरतो. मीठ पुसताना आधी डिस्टिल्ड पाणी वाहू द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवलेला लेन्स टिश्यू एकाच दिशेने एकदाच ओढा. कोरड्या फडक्याने पुसलेलं मीठ कोटिंगवर कायमचे ओरखडे ठेवतं. पावसाळ्यात यंत्र झाकून ठेवलं असेल तर ऑक्टोबरमध्ये लेन्सवर बुरशी आहे का तेही टॉर्च तिरकी धरून बघा.

खिडकी निर्दोष निघाली तर बीमस्प्लिटरचा, म्हणजे प्रकाश दोन चॅनलांत वाटणारा, घन तपासा. घनातून आरपार जाणारी वाट शुद्ध असते. परावर्तित वाटेत मात्र नको असलेल्या प्रतलाचा दोन-चार टक्के भाग मिसळतो. क्रॉस चॅनल परावर्तित वाटेवर लावला असेल तर जोरदार पॅरलल प्रकाशाचे हे टक्के थेट त्याच्यात पडतात आणि डीपोलमध्ये ०.०३ ची भर सहज पडते. घनाच्या मागे दोन्ही वाटांवर एकेक पोलरायझर शीट लावा. खर्च थोडा, फरक मोठा. कोनाचा फरक शेवटी पाहा: ध्रुवीकरणाचं प्रतल फिरवणारी हाफवेव्ह प्लेट थोडी थोडी फिरवत जा आणि स्वच्छ हवेचा डीपोल जिथे किमान होतो तिथे थांबा.

स्वच्छ हवा ठीक, पण धूळ भलती

आता गुणकाकडे. फोटोमल्टिप्लायर म्हणजे क्षीण प्रकाशाचा संकेत वाढवणारी ट्यूब; तिची वाढ व्होल्टेजवर फार अवलंबून असते. व्होल्टेज एक टक्का सरकलं की अॅनालॉग संकेत सहा-सात टक्के सरकतो. उन्हाळ्यात वीज खालीवर होते, खोलीचं तापमान एसीबरोबर झुलतं, आणि दोन ट्यूबा एकसारख्या झुलत नाहीत. हाय व्होल्टेजचा पुरवठा चांगल्या यूपीएसवर असायलाच हवा.

गुणक मोजायची खात्रीची रीत ±४५ ची आहे. हाफवेव्ह प्लेट २२.५ अंशांनी फिरवली की ध्रुवीकरण ४५ अंशांनी फिरतं आणि दोन्ही चॅनलांत सारखाच प्रकाश पडतो. तेव्हा त्यांचं जे प्रमाण येईल तोच गुणक. एकाच बाजूला मोजून थांबू नका. प्लेटचा शून्य अर्धा-एक अंश जरी चुकला असेल तरी +४५ चं प्रमाण एका दिशेने चुकतं आणि −४५ चं उलट दिशेने. दोघांचा गुणाकार करून वर्गमूळ काढलं की ही चूक जवळजवळ पूर्ण कटते. दोन्ही बाजूंच्या आकड्यांत फार अंतर असेल तर तेवढ्याने प्लेटचा शून्य चुकल्याचंही कळतं. प्रत्येक बाजूला दहा-पंधरा मिनिटं द्या, ढग नसताना करा, आणि धुळीच्या दिवसांत रात्र सुरू होताना व संपताना असं दोनदा करा.

इथे एक अडचण लक्षात ठेवा. ±४५ ने प्लेटच्या मागचे भाग तपासले जातात. दुर्बीण आणि खिडकी प्लेटच्या पुढे आहेत. त्यांचा दोष या चाचणीत येत नाही. कॅलिब्रेशन झालं म्हणजे सगळं ठीक, असं म्हणता येत नाही ते यामुळेच.

हा गुणक उंचीनुसार सपाट यायला हवा. खालच्या दीड-दोन किलोमीटरमध्ये तो वाकत असेल तर तिथे चॅनल भरून वाहतो आहे, म्हणजे इतके फोटॉन येतात की मोजणी पुरी पडत नाही. चार नॅनोसेकंदांचा डेड टाइम (एक फोटॉन मोजल्यावर दुसरा मोजता येत नाही तेवढा काळ) धरला तर १० मेगाहर्ट्झच्या खऱ्या दराला जवळजवळ ४ टक्के मोजणी बुडते, २५ मेगाहर्ट्झला ९ टक्के. रोजच्या मापनात बुडणारी मोजणी पॅरललचीच, म्हणून डीपोल खाली खाली उगाच वाढतो आणि जमिनीलगत धूळ असल्याचा भास होतो. पॅरलल वाटेवर न्यूट्रल डेन्सिटी फिल्टर, म्हणजे प्रकाश नुसता मंद करणारी काच, घाला. दोष नसेल तर सगळा आलेख एकाच पटीने सरकेल. त्याचा आकार बदलला तर डेड टाइमची दुरुस्ती तपासायला हवी.

यंत्र बरोबर, वाचन चूक

बऱ्याच तक्रारींत यंत्र निर्दोष निघतं. तरुण विद्यार्थी इथे हमखास अडकतात, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आलेखात थेट दिसतो तो हवा आणि कण या दोघांचा मिळून डीपोल. धुळीच्या थरात एकूण परतावा नुसत्या हवेच्या दुप्पट असेल, तर ०.१३५ हा दिसणारा आकडा कणांच्या हिशोबात ०.३१ होतो. ती शुद्ध धूळच आहे. ‘धूळ असून ०.१३ कसा?’ हा प्रश्न विचारण्याआधी हवेचा वाटा वजा केला का ते पाहा.

थर विरळ असला की मात्र ही वजाबाकी फार नाजूक होते. परताव्याचं प्रमाण १.२ आणि दिसणारा डीपोल ०.०४ असेल तर कणांचा डीपोल ०.२७ येतो. तेच प्रमाण १.१५ धरलं तर ०.३७. पाच शतांशांच्या फरकाने धूळ कुठल्या कुठे गेली. हे प्रमाण तुम्ही वर निवडलेल्या, फक्त हवा आहे असं धरलेल्या संदर्भ उंचीवरून ठरतं, आणि तिथे विरळ सिरस शिरला असेल तर प्रमाण खाली ओढलं जातं. एका रात्री ०.२२ आणि दुसऱ्या रात्री ०.३८ यामागे कित्येकदा एवढंच कारण असतं. प्रमाण १.३ च्या खाली असेल तर कणांचा डीपोल मी छापत नाही. विरळ थराला तो आकडा देणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे.

मग मिश्रण. कणांचा डीपोल ०.१५ आला, शुद्ध धूळ ०.३१ आणि इतर कण ०.०३ धरले, तर परताव्यातला जवळपास ४९ टक्के वाटा धुळीचा. हिशोब सरळ आहे, पण किनाऱ्यावर त्यात एक सापळा आहे. मीठ सुकलं की गोल राहत नाही, स्फटिक होतं. सापेक्ष आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की सागरी थराच्या माथ्यावर सुक्या मिठाचा डीपोल ०.१५ पर्यंत जाऊ शकतो, म्हणजे धुळीचा कणही नसताना निम्मी धूळ दाखवणारा आकडा. कोरडी उत्तरेची हवा सागरी थरावर सरकते तेव्हा हे घडायला अगदी पोषक स्थिती असते. २३ जानेवारी २०२२ ला पाकिस्तानकडून आलेल्या धुळीने मुंबई झाकोळली होती, तशा हवेत धूळ आणि सुकं मीठ शेजारी शेजारी असू शकतात. पणजीच्या रेडिओसाँडचा (फुग्याने वर जाणाऱ्या हवामानयंत्राचा) आर्द्रतेचा आलेख शेजारी ठेवा. जास्त डीपोलचा पट्टा नेमका आर्द्रता कोसळते त्या उंचीवर आणि पातळ असेल तर मिठावर संशय घ्या. रामन चॅनल असेल तर लायडार रेशो (एक्स्टिंक्शन, म्हणजे थरात प्रकाश किती घटतो, भागिले परतावा) निवाडा करतो: मिठाचा २५ च्या आसपास, धुळीचा बराच वर.

या लायडार रेशोबद्दलही सांगायला हवं. सहारी धुळीसाठी ५५ स्टेरेडियन सर्रास वापरतात. अरबी द्वीपकल्पाच्या धुळीचा कमी असतो. संयुक्त अरब अमिरातीत ५३२ ला ४२ च्या आसपास मोजला गेला आहे. अशा धुळीच्या थराला ५५ लावलं तर एक्स्टिंक्शन ३० टक्क्यांनी फुगतं.

जमिनीलगतचा जास्त डीपोल वाळवंटाचा म्हणून धरू नका. जांभ्याची लाल धूळ, डिचोली-सांगेच्या बाजूची खनिजाची धूळ यांचे कणही कोनाकोनाचेच. पहाटे मतलई वारे असताना ती किनाऱ्याकडे येते आणि काही शे मीटरच्या वर सहसा चढत नाही. शिवाय त्या उंचीवर लायडारचं ओव्हरलॅप अपुरं असतं, म्हणजे लेझरचा किरण दुर्बिणीच्या नजरेत पूर्ण आलेला नसतो. उलट मार्चमधल्या वणव्यांचा धूर डीपोल खाली ओढतो. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्याच्या परिसरात वणवे लागले होते, तशा दिवसांत ०.२० चा थर म्हणजे धूळ आणि धूर यांचं खरंखुरं मिश्रण असू शकतं. पाच दिवसांचा मागचा हवाप्रवास काढून पाहिल्याशिवाय थराला नाव देऊ नका.

उपग्रहाशी ताडताना तरंगलांबी पाहा. कॅलिप्सो ५३२ वर मोजायचा, पण त्याचं काम २०२३ मध्ये संपलं. मे २०२४ मध्ये गेलेल्या अर्थकेअरवरचा लायडार ३५५ नॅनोमीटरवर चालतो, आणि शुद्ध धुळीचा डीपोल तिथे ०.२५ च्या आसपासच असतो. आपला ०.३० आणि त्याचा ०.२५ एकाच थराचे असतील तर दोन्ही बरोबर आहेत.

जुन्या नोंदींचं काय करायचं

दोष सापडल्यावर मागच्या रात्री दुरुस्त करण्याचा मोह होतो. रात्रीच्या आधी आणि नंतर ±४५ ची कच्ची मोजणी जपलेली असेल तर दोन गुणकांच्या मधला गुणक वेळेनुसार काढून वापरा, आणि त्या दोघांतला फरक अनिश्चितता म्हणून शेजारी लिहा. गळती असेल तर त्याच रात्रीच्या स्वच्छ हवेवरून तिचा अंदाज बांधता येतो, कारण ती स्वच्छ हवेतच सर्वांत जास्त दिसते. यांपैकी काहीच हाती नसेल तर त्या रात्रीचा डीपोल ‘संशयास्पद’ असा शेरा मारून तसाच ठेवा. थराची उंची आणि जाडी त्यातूनही वापरता येईल. यापुढे मात्र प्रत्येक रात्रीच्या फाइलबरोबर चार गोष्टी जपा: ±४५ ची कच्ची मोजणी, दोन्ही ट्यूबांचं व्होल्टेज, खोलीचं तापमान, आणि खिडकी शेवटची कधी धुतली ती तारीख.